पानायोतू विरुद्ध सोनी: गाणं नेमकं कुणाचं?

ऑक्टोबर १९९३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात एक दिवाणी खटला सुनावणीला आला. कागदोपत्री त्याचं नाव होतं ‘पानायोतू विरुद्ध सोनी म्युझिक एंटरटेनमेंट’. पानायोतू हे नाव वाचून कुणाला काही बोध झाला नसता. पण वादी म्हणून कोर्टात आलेला तीस वर्षांचा माणूस जगभर ओळखीचा होता. त्याचं बाजारातलं नाव जॉर्ज मायकल. ‘केअरलेस व्हिस्पर’च्या सुरुवातीची ती सॅक्सोफोनची धून ऐकलेली नाही, असा कॅसेटच्या जमान्यात वाढलेला माणूस मला अजून भेटायचाय.

जॉर्ज मायकलचा विषय निघाला की बोलणं त्याचा आवाज, त्याचं देखणेपण, १९९८ ची अटक आणि ऐन नाताळच्या दिवशी आलेला मृत्यू यांवर येऊन थांबतं. मला मात्र त्या खटल्यापासून सुरुवात करायची आहे. त्याच्या आयुष्याचे सगळे धागे तिथे एकत्र येतात. खटला किचकट आहे, पण तो उलगडला की हा माणूसही उलगडतो.

त्याचं खरं नाव जॉर्जिओस किरियाकोस पानायोतू. जन्म २५ जून १९६३, उत्तर लंडनमधल्या ईस्ट फिंचलीचा. वडील सायप्रसमधल्या पात्रिकी नावाच्या खेड्यातून १९५० च्या दशकात लंडनला आले, हॉटेलात राबले आणि पुढे स्वतःचं रेस्टॉरंट चालवू लागले. आई लेस्ली इंग्लिश, नाचाची आवड असलेली. मुलगा गुबगुबीत, चष्मा लावणारा, लाजाळू. बाराव्या वर्षी घर बदललं आणि तो बुशी मीड्स शाळेत दाखल झाला. ‘या नव्या मुलाची जबाबदारी कोण घेईल?’ असं बाईंनी विचारल्यावर एका मुलानं हात वर केला. त्याचं नाव अँड्र्यू रिजली. अँड्र्यूला कपड्यांची जाण होती आणि चारचौघांत वावरायची अजिबात भीती नव्हती. लाजाळू जॉर्जिओसला रंगमंचावर उभं राहायचं धैर्य या मित्राकडून मिळालं. जॉर्जनं ही गोष्ट कधी नाकारली नाही.

‘केअरलेस व्हिस्पर’ची धून सुचली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. बसमध्ये चढून ड्रायव्हरच्या हातात पैसे ठेवता ठेवता ती ओळ डोक्यात आली, असं तो सांगायचा. मग अँड्र्यूबरोबर बसून गाणं पुरं केलं आणि त्यावर दोघांचं नाव लागलं. हे ‘नाव लागणं’ म्हणजे काय, ते आता नीट पाहायला हवं, कारण पुढचा सगळा गुंता तिथूनच सुरू होतो.

गाण्याची रेकॉर्ड आपण एकच वस्तू समजतो. कायद्याच्या नजरेत त्या दोन स्वतंत्र मालमत्ता असतात. नाटकाच्या उदाहरणानं हे चटकन कळेल. नाटककार संहिता लिहितो, ती त्याची. निर्माता पैसे घालून नाटक उभं करतो, तो प्रयोग निर्मात्याचा. उद्या दुसऱ्या निर्मात्यानं तेच नाटक नव्या संचात केलं, तर पहिल्या निर्मात्याला काही मिळणार नाही, पण नाटककाराचं मानधन द्यावंच लागेल. गाण्याचंही तसंच. शब्द आणि चाल ही संहिता, ती लिहिणाऱ्याची. स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला आवाज हा प्रयोग, आणि त्याच्या मूळ प्रतीला धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात. तो बहुधा रेकॉर्ड कंपनीचा. ‘केअरलेस व्हिस्पर’ दुसऱ्या कुणीही गायलं, तरी जॉर्ज आणि अँड्र्यू यांच्याकडे लेखक म्हणून पैसे येणार. पण जॉर्जच्या आवाजातली ती विशिष्ट रेकॉर्ड कुठे वापरायची, कशी विकायची, हे ठरवणार कंपनी.

आता करार. १९८२ मध्ये अठरा वर्षांच्या जॉर्जनं आणि अँड्र्यूनं ‘वॅम!’ या नावानं इनरव्हिजन नावाच्या छोट्या कंपनीशी करार केला. सही तालमीच्या जागेजवळच्या एका कॅफेत झाली. दोघांना प्रत्येकी ५०० पौंड उचल मिळाली. नाचाच्या क्लबांमध्ये ज्या मोठ्या, बारा इंची रेकॉर्ड वाजत आणि खपत, त्यांवर त्यांना रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला वाटा, नव्हतीच. मजा अशी की इनरव्हिजनही स्वतंत्र नव्हती. ती सीबीएस या बड्या कंपनीच्या पैशावर चालायची आणि तिला सीबीएसनं आधीच आवळून बांधलं होतं. तिच्या हातात जे थोडं होतं, त्यातूनच ती पोरांना देणार. वरचा खालच्याला पिळतो आणि खालचा त्याच्या खालच्याला, ही उतरंड फक्त आपल्याकडेच असते असं नाही.

उचल हा शब्द आपण ऊसतोडीमुळे ओळखतो. त्या हलाखीशी पॉप संगीताची तुलना होऊ शकत नाही, पण हिशेबाची रीत मिळतीजुळती आहे: आधी पैसे हातात, मग ते फिटेपर्यंत काम. एक काल्पनिक आकडेमोड करून पाहू. समजा, कंपनीनं गायकाला १ लाख पौंड उचल दिली आणि ध्वनिमुद्रणावर आणखी १ लाख खर्च केले. हे दोन्ही बहुधा गायकाच्याच खात्यावर मांडले जातात. रेकॉर्ड ५ पौंडांना विकली जाते आणि गायकाची रॉयल्टी १० टक्के आहे, म्हणजे प्रत्येक प्रतीमागे अर्धा पौंड. तर २ लाख पौंड फिटायला ४ लाख प्रती खपाव्या लागतील. तोवर बाजारात २० लाख पौंडांची उलाढाल झालेली असते आणि गायकाच्या हातात उचलीपलीकडे छदामही पडलेला नसतो. आणि सगळं फिटल्यावरही मास्टर कंपनीकडेच राहतो. ध्वनिमुद्रणाचा खर्च गायकाच्या वाट्यातून गेला आणि मालकी मात्र कंपनीची, ही गोष्ट पहिल्यांदा समजली तेव्हा मला ती दोनदा वाचून खात्री करावी लागली होती.

कंपन्यांची बाजूही आहे आणि ती खोटी नाही. दहा नव्या गायकांवर पैसे लावले तर बहुतेकांचे बुडतात. रेकॉर्ड आपटली तर उचल गायकाला खिशातून परत करावी लागत नाही, तो तोटा कंपनी सोसते. एखाद-दुसरा गायक तुफान चालतो आणि त्याच्या कमाईवर बाकीचे पोसले जातात. म्हणूनच चालणाऱ्या गायकाला लांब मुदतीनं बांधून ठेवायची कंपनीला गरज वाटते.

वॅम! चालले, आणि कसे चालले! १९८३ मध्ये पहिला अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. तेव्हा दोघांना आपण कशावर सही केली ते उमगलं. वकील नेमले, इनरव्हिजनशी वाद घातला, आणि १९८४ च्या सुरुवातीला कोर्टाबाहेर तडजोड झाली. दोघे इनरव्हिजनमधून सुटून सरळ सीबीएसच्या एपिक या शाखेकडे आले, अटी पहिल्यापेक्षा बऱ्या. त्या वेळी हा विजयच वाटला असणार. ही तडजोड लक्षात ठेवा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, लंडनच्या एका स्टुडिओत नाताळची सजावट करून, जॉर्जनं ‘लास्ट ख्रिसमस’ ध्वनिमुद्रित केलं. गीत त्याचं, चाल त्याची, सिंथेसायझर त्यानंच वाजवला, यांत्रिक ड्रम त्यानंच बसवला, घुंगरूही त्यानंच हलवले. डिसेंबरात ते दुसऱ्या क्रमांकावर अडकलं, कारण पहिल्यावर इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी अनेक गायकांनी मिळून गायलेलं बँड एडचं गाणं होतं. त्या गाण्यात जॉर्जचाही आवाज होता. ‘लास्ट ख्रिसमस’ची रॉयल्टी दोघांनी त्याच दुष्काळाच्या मदतीला दिली.

पुढची दोन वर्षं धावपळीची. १९८५ मध्ये चीनमध्ये कार्यक्रम, जून १९८६ मध्ये वेम्बली स्टेडियमवर निरोपाचा कार्यक्रम, आणि मग जॉर्ज एकटा. १९८७ च्या ‘फेथ’ या अल्बमनं त्याला थेट मायकल जॅक्सन आणि प्रिन्स यांच्या पंगतीत नेऊन बसवलं. एकाच अल्बममधली चार गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली, वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमीही मिळालं. लेदरचं जाकीट, गॉगल, दाढीची खुंटं, हा चेहरा पोस्टरवर सगळीकडे. आणि त्या चेहऱ्याचीच त्याला धास्ती वाटू लागली. तो समलिंगी होता. घरच्या सगळ्यांना आणि जगाला ते सांगायची हिंमत झालेली नव्हती, आणि कोट्यवधी मुली ज्या माणसाच्या प्रेमात होत्या तो माणूस त्यानं स्वतःच रचलेला होता.

१९९० मध्ये ‘लिसन विदाउट प्रेज्युडिस’ हा अल्बम आला तेव्हा त्यानं ठरवलं की मुखपृष्ठावर माझा फोटो नाही, व्हिडिओत मी नाही. ‘फ्रीडम! ९०’ च्या व्हिडिओत त्याच्या जागी नेओमी कॅम्पबेल, लिंडा इव्हँजेलिस्टा, सिंडी क्रॉफर्ड अशा मॉडेल गाण्यावर ओठ हलवतात आणि ‘फेथ’च्या वेळचं ते लेदरचं जाकीट जळताना दिसतं. दिग्दर्शक होता डेव्हिड फिंचर. दरम्यान १९८८ मध्ये सीबीएस रेकॉर्ड्स जपानच्या सोनीनं विकत घेतली होती. सोनीला हवा होता पोस्टरवरचा जॉर्ज. अल्बम ब्रिटनमध्ये जोरात चालला, पण अमेरिकेत ‘फेथ’च्या मानानं बराच मागे राहिला. कंपनीनं मुद्दामच जोर लावला नाही, असं जॉर्जचं म्हणणं. ऑक्टोबर १९९२ च्या अखेरीस त्यानं दावा दाखल केला.

मागणी होती की करारच रद्द ठरवा. आधार होता इंग्लंडमधलं एक जुनं तत्त्व: माणसाला आपलं कौशल्य वापरून पोट भरायचा हक्क आहे, आणि त्या हक्काला अवाजवी बांध घालणारा करार न्यायालय मोडीत काढू शकतं, खाली सही असली तरी. या तत्त्वाचे दोन प्रसिद्ध दाखले आहेत आणि दोन्ही इथे उपयोगी पडतात. पहिला १८९४ चा. नॉर्डेनफेल्ट नावाच्या तोफा-बंदुकांच्या स्वीडिश कारखानदारानं धंदा विकला आणि २५ वर्षं जगात कुठेही त्या धंद्यात उतरणार नाही, असं लिहून दिलं. नंतर त्याला पस्तावा झाला. हाऊस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, सांगितलं की बंधन मोठं आहे, पण त्याची किंमतही भरपूर घेतली आहेस. करार कायम. दुसरा १९७४ चा. टोनी मॅकॉले हा गीतलेखक एकविसाव्या वर्षी एका प्रकाशकाच्या छापील करारावर सही करून बसला. त्याची सगळी गाणी प्रकाशकाची, मुदत वाढवायचा अधिकार प्रकाशकाला, आणि एकही गाणं बाजारात आणायचं बंधन मात्र प्रकाशकावर नाही. लॉर्ड्सनी तो करार अन्याय्य ठरवून फेटाळला.

जॉर्जच्या वकिलांचं म्हणणं होतं की तोही मॅकॉलेच आहे. १९८८ मध्ये सुधारून केलेल्या करारानं तो २००३ पर्यंत बांधला जाऊ शकत होता, मास्टर कायमचे सोनीचे, आणि रेकॉर्ड किती जोमानं विकायची हे सोनीच्या मर्जीवर. २१ जून १९९४ रोजी न्यायमूर्ती जोनाथन पार्कर यांनी निकाल दिला आणि तो पूर्णपणे जॉर्जच्या विरोधात गेला. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा: १९८४ चा करार हा एका वादाची तडजोड होती. वाद मिटवून केलेली तडजोड दहा वर्षांनी उकरून काढता येत नाही, नाहीतर कुठलाच वाद कधी मिटणार नाही. १९८८ चा करार हा त्याच कराराची सुधारलेली आवृत्ती. तो करताना जॉर्ज जगप्रसिद्ध होता, त्याच्याकडे जाणकार वकील होता, मोबदलाही घसघशीत होता. शिवाय करारात खोट आहे असं वाटत असतानाही त्यानं त्याच कराराखाली कंपनीकडून उचल मागितली होती.

मला वाटतं, जॉर्ज मॅकॉले होता तो १९८२ मध्ये, त्या कॅफेत. तेव्हाचा करार न्यायालयापुढे गेला असता तर टिकणं अवघड होतं. पण तो वाद त्यानं तडजोडीनं मिटवला, आणि १९९४ मध्ये न्यायमूर्तींसमोर उभा होता तो नॉर्डेनफेल्ट, किंमत वसूल केलेला माणूस. पोरवयातल्या अन्यायातून सुटायला जी वाट धरली, तिनेच पुढे दार बंद केलं. निकालानंतर जॉर्जनं या व्यवस्थेला ‘व्यावसायिक गुलामगिरी’ म्हटलं. तो शब्द मला पटत नाही. गुलामाला वकील नसतो आणि कोट्यवधी पौंडही नसतात. पण आपणच निर्माण केलेल्या आवाजावर आपला ताबा नाही, ही त्याची तगमग खरी होती, आणि निकाल कायद्यानं बरोबर असला तरी त्या तगमगीला उत्तर मिळालं नाही.

अपील व्हायच्या आधीच, १९९५ मध्ये, ड्रीमवर्क्स आणि व्हर्जिन या कंपन्यांनी सोनीला मोबदला देऊन त्याला सोडवून घेतलं. जुने मास्टर सोनीकडेच राहिले. ऐन उमेदीच्या वयातली कितीतरी वर्षं नव्या अल्बमविना गेली.

पण एवढा हट्ट का? त्याचं उत्तर कोर्टाच्या कागदांत सापडत नाही. जानेवारी १९९१ मध्ये ब्राझीलमधल्या ‘रॉक इन रिओ’ महोत्सवात जॉर्जला प्रेक्षकांत एक माणूस दिसला, अन्सेल्मो फेलेप्पा. जॉर्जच्या आयुष्यातलं ते पहिलं खरं प्रेम. त्याच वर्षात अन्सेल्मोच्या तब्येतीवर एचआयव्हीची सावली पडली. तेव्हा त्यावर नीट औषध नव्हतं. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्बलीवर ‘क्वीन’ या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम झाला. फ्रेडी म्हणजे आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा, नोव्हेंबर १९९१ मध्ये एड्सनं गेलेला. जॉर्जनं फ्रेडीचंच ‘समबडी टू लव्ह’ गायलं. कधी पाहिलं नसेल तर जरूर पाहा. तो गळा, तो आवेश थक्क करतो. मग हे लक्षात घेऊन पुन्हा पाहा की अन्सेल्मो तिथे प्रेक्षकांत होता, आणि हजारो लोकांसमोर गाणारा हा माणूस आतून काय गातोय हे कुणालाच माहीत नव्हतं. मार्च १९९३ मध्ये अन्सेल्मो गेला. सात महिन्यांनी खटला उभा राहिला. त्या काळातला राग आणि भीती आपण त्या खटल्यात ओतली, असं जॉर्जनं पुढे स्वतःच सांगितलं. जे कुणाकडेही बोलता येत नाही त्याच्यासाठी भांडता येत नाही, पण रेकॉर्ड कंपनीशी भांडता येतं.

अन्सेल्मोवरचं ‘जीझस टू अ चाइल्ड’ जानेवारी १९९६ मध्ये आलं आणि पहिल्या क्रमांकावर गेलं. ते कुणाबद्दल आहे हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं.

त्या वेळच्या ब्रिटनबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर ही लपवाछपवी भित्रेपणाची वाटेल. १९८८ पासून तिथे ‘कलम २८’ लागू होतं. स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करू नये, असं त्यात म्हटलं होतं, आणि त्यामुळे शाळेतले शिक्षकही त्या विषयावर तोंड उघडायला कचरत. इंग्लंडमध्ये ते कलम २००३ पर्यंत राहिलं. टॅब्लॉइड वर्तमानपत्रं तर शिकारीला बसल्यासारखी टपलेली असत. एप्रिल १९९८ मध्ये बेव्हर्ली हिल्सच्या एका बागेतल्या सार्वजनिक स्वच्छतागृहात साध्या वेशातल्या पोलिसानं जॉर्जला अश्लील वर्तनासाठी पकडलं. दंड झाला, समाजसेवेची शिक्षाही झाली. इतरांची कारकीर्द तिथे संपली असती. त्यानं काही दिवसांतच टीव्हीवर येऊन आपण समलिंगी असल्याचं सांगितलं आणि त्याच वर्षी ‘आउटसाइड’ हे गाणं काढलं. त्याच्या व्हिडिओत स्वच्छतागृह आहे, डिस्कोचा झगमगता गोळा आहे आणि पोलिसाच्या वेशात नाचणारा जॉर्ज आहे. लाज वाटून घ्यायला त्यानं साफ नकार दिला. किती तरुण मुलांना त्या रात्री हायसं वाटलं असेल, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

उतरणही होती. आई १९९७ मध्ये कर्करोगानं गेली, त्यातून तो पुरता सावरला नाही. अमली पदार्थ आले, गाडीचे अपघात आले, २०१० मध्ये चार आठवडे तुरुंगवास झाला. २०११ मध्ये व्हिएन्नात न्यूमोनियानं तो मरता मरता वाचला. २५ डिसेंबर २०१६ रोजी ऑक्सफर्डशायरमधल्या गोरिंग-ऑन-टेम्स गावातल्या घरी हृदयविकारानं त्याचा मृत्यू झाला. वय ५३.

आणि मग एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली. मुलांसाठी मदतीची दूरध्वनी सेवा चालवणाऱ्या चाइल्डलाइन या संस्थेच्या संस्थापक एस्थर रँट्झन यांनी सांगितलं की ‘जीझस टू अ चाइल्ड’ची रॉयल्टी त्यानं या संस्थेला दिली होती, आणि याची वाच्यता करायची नाही ही त्याची अट होती. टीव्हीवरच्या एका खेळात एका बाईनं मूल होण्यासाठीच्या उपचारांना पैसे हवेत असं म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं फोन करून गुपचूप १५,००० पौंड दिले. बेघरांच्या निवाऱ्यात तो साधा स्वयंसेवक म्हणून काम करायचा. एक गोष्ट मात्र त्यानं उघडपणे केली होती: डिसेंबर २००६ मध्ये लंडनच्या राउंडहाउसमध्ये सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिकांसाठी मोफत कार्यक्रम. आईची शुश्रूषा त्यांनी केली होती.

रॉयल्टीचं असं दान शक्य झालं ते संहितेमुळे. मास्टरवर त्याचा ताबा नव्हता, पण जवळजवळ प्रत्येक गाणं त्यानं स्वतः लिहिलं होतं, आणि लेखकाचा वाटा कुणाला द्यायचा हे ठरवायला त्याला कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नव्हती. ‘केअरलेस व्हिस्पर’वर लागलेल्या नावामुळे शाळेतल्या मित्रालाही आजवर त्याचा वाटा मिळत आला आहे.

‘लास्ट ख्रिसमस’ अखेर १ जानेवारी २०२१ रोजी ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं, ध्वनिमुद्रणानंतर ३६ वर्षांनी. ऐन नाताळचा पहिला क्रमांक मिळायला २०२३ उजाडावं लागलं, आणि तेव्हा त्याला जाऊन सात वर्षं झाली होती. त्या रेकॉर्डवर मालक म्हणून आजही सोनीचं नाव आहे. लेखक म्हणून एकच नाव आहे, जॉर्ज मायकल.